उंबऱ्यावरचा चेहरा आणि बाहेरचे ऊन

पत्र : मी बीड जिल्ह्यातल्या एका गावचा असून छत्रपती संभाजीनगरला छायाचित्रण शिकतो आहे. शेवटच्या वर्षासाठी पंधरा मिनिटांचा लघुपट करतो आहे. मुकादमाची उचल घेतलेले एक जोडपे म्हातारी आई आणि दोन लेकरे मागे ठेवून ऊसतोडीला निघते, त्याची आदली दुपार, रात्र आणि पहाट एवढीच गोष्ट आहे. घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, आणि पूर्वेकडे दार असलेले आहे. चाचणीसाठी थोडे चित्रीकरण केले, तेव्हा आजी उंबऱ्यावर बसली की तिचा चेहरा काळा पडला आणि चेहरा उजळला की अंगण पांढरेफटक झाले. उन्हात शटर १/२००० वर न्यावे लागले आणि माणसांचे चालणे तुटक दिसू लागले. रात्री ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे आले. माझा कॅमेरा साधा, आठ बिटचा आहे. एक मित्र म्हणतो की लॉगमध्ये (चित्र फिके नोंदवून नंतर घडवण्याच्या पद्धतीत) चित्रीकरण कर, दुसरा म्हणतो की कर्ज काढून कॅमेरा बदल, तिसरा म्हणतो की १६ मिमी फिल्मवरच कर. सर, मी काय करू?

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या सर्व अडचणींत उंबऱ्यावरच्या आजीची अडचण सर्वांत मोठी आहे आणि ती नीट समजली तर बाकीच्या बऱ्याच आपोआप हलक्या होतील, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात करतो. तुम्ही तिला कॅमेऱ्याचा दोष समजत आहात, परंतु माझ्या मते तो उजेडाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही उजेडातच शोधावे लागेल.

भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. माळवदाच्या घरात मात्र जाड मातीच्या भिंती, एकच दार आणि छताला उजेडासाठी ठेवलेले एखादे भोक, म्हणजे साणे, असल्यामुळे, दारापासून चार-पाच हात आत गेले की तोच प्रकाश दोन-तीनशे लक्सवर उतरतो. म्हणजे आत आणि बाहेर यांच्यात जवळपास नऊ स्टॉपची तफावत आहे. प्रत्येक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट, हे लक्षात घेतले तर ही पाचशेपट तफावत झाली. आपले डोळे क्षणात आत-बाहेर जुळवून घेतात म्हणून ती आपल्याला जाणवत नाही. आठ बिटच्या कॅमेऱ्याला त्याच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे चित्राच्या ठरावीक मांडणीत, एवढी तफावत एका चौकटीत तपशिलासह सांभाळता येत नाही, आणि महागडा कॅमेरा तिथे तपशील थोडा अधिक वाचवील, पण चित्र तरीही सुंदर होईलच असे नाही. म्हणून तफावत सांभाळू शकणारे यंत्र शोधण्याआधी तफावतच कमी करावी.

त्यासाठीची पहिली गोष्ट तुमच्या घरानेच तुम्हाला दिलेली आहे. दार पूर्वेला आहे, म्हणजे सकाळी ऊन थेट उंबऱ्यावर येते आणि दुपार कलली की घराचीच सावली अंगणात पडू लागते. नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी साडेतीनला सूर्य क्षितिजापासून साधारण अठ्ठावीस अंशांवर असतो. दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली त्या वेळी दारापुढे पंधरा फुटांपर्यंत पोहोचते. त्या सावलीत दहा हजार लक्सच्या आसपास प्रकाश असतो. अंगणावरून परतून आत जाणारा उजेडही त्या वेळी काहीसा उतरतो हे खरे, तरीही एकूण तफावत माझ्या अनुभवात दोन-अडीच स्टॉपने कमी होते. आजीचे दृश्य बाराला घेतले तर तुम्ही हराल आणि साडेतीन ते पावणेपाच या वेळेत घेतले तर तोच कॅमेरा तुमचे ऐकेल. कॅमेरा उंबऱ्यापेक्षा थोडा उंच लावून किंचित खाली झुकवावा, म्हणजे आजीच्या मागे सावलीतले सारवलेले अंगण येईल आणि पलीकडचा उन्हातला रस्ता व आकाश चौकटीच्या बाहेर राहतील.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. दार चौकटीत घ्यायलाच हवे का, याचा विचार करावा. आजी आपल्या लेकाच्या वाटेकडे पाहते आहे हे दाखवण्यासाठी वाट दिसावीच लागते असे नाही. कॅमेरा घरात, दाराच्या भिंतीला समांतर ठेवावा. दार चौकटीच्या जरा बाहेर राहील आणि त्यातून येणारा उजेड तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर, गालफडावर, कपाळाच्या सुरकुत्यांवर आडवा पडेल. आता नऊ स्टॉपची तफावत चौकटीत उरलीच नाही. चेहऱ्याची उजेडातली बाजू आणि अंधारातली बाजू एवढीच तफावत उरली, आणि ती तुमच्या हातात आहे. अंधारातली बाजू फार काळी वाटली तर तिच्यापासून तीन-चार फुटांवर धुतलेले पांढरे धोतर ताणून धरावे. ती फार उघडी, सपाट वाटली तर त्याच जागी काळी घोंगडी टांगावी. घोंगडी उजेड गिळते, त्यामुळे भिंतीवरून परतणारा नकोसा उजेड थांबतो आणि चेहऱ्याला आकार येतो. शहरातला छायाचित्रकार यासाठी भाड्याने काळे कापड आणतो, तुमच्या घरात ते खुंटीला अडकवलेले असेल.

परतवलेल्या उजेडाची ही रीत आपल्या देशातल्या छायाचित्रणाने फार लवकर आत्मसात केली आहे. छायाचित्रकार सुब्रत मित्रा यांनी सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ चित्रपटासाठी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घराच्या चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्या कापडावर टाकून तो उजेड खाली परतवला. चौकात वरून आकाशाचाच उजेड झिरपतो आहे असे त्यामुळे वाटते. मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या वाड्याच्या चौकात दुपारी उभे राहिलात तर तोच सावलीविरहित, वरून उतरणारा उजेड तुम्हाला चेहऱ्यांवर दिसेल. तो आधी डोळ्यांनी ओळखावा, मग कापडाने घडवावा. ओळखण्याचा एक सोपा सराव सांगतो. हात लांब करून मूठ आवळावी आणि तिच्याकडे पाहत जागच्या जागी सावकाश गोल फिरावे. बोटांच्या पेरांवर उजेड कुठून येतो, सावलीची कड कुठे तीक्ष्ण होते आणि कुठे विरघळते, हे एका फेरीत कळते. मी आजही नव्या जागी पोहोचल्यावर कॅमेरा बाहेर काढण्याआधी हे करतो.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा याबद्दल, तुम्ही फारसे विचारलेले नाही, पण तुमच्या चाचणीच्या वर्णनावरून तिथे एक घोटाळा होत असावा असे वाटते. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजतो. चौकट काळ्या रानाने भरलेली असली की त्याला वाटते उजेड कमी आहे, म्हणून तो चित्र उजळवतो. मग काळी माती राखेसारखी दिसते आणि रानात उभ्या माणसाचा चेहरा विटतो. उलट पांढरे धोतर, टोपी किंवा फुललेला कापूस चौकटीत जास्त असला की तो चित्र दाबतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून एक्स्पोजर स्वयंचलित ठेवू नका. झेब्रा, म्हणजे ठरावीक उजळपणाच्या वर गेलेल्या भागावर पडद्यात दिसणारे पट्टे, पंचाण्णव टक्क्यांवर लावा, धोतराच्या उन्हातल्या घडीवर तो जेमतेम उमटेल इथपर्यंत ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, उघडा आणि मग चेहऱ्याकडे पाहा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. अनेक जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत चेहरा उजळपणाच्या याच मोजपट्टीवर सत्तर टक्क्यांवर ठेवावा असे सांगितलेले असते. तो आकडा गोऱ्या कातडीसाठीचा आहे. जन्मभर उन्हात राबलेल्या आजीचा सावळा चेहरा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवला तरच तो तिचा चेहरा राहतो. सत्तरवर नेलात तर सुरकुत्यांमधली खोली जाते आणि कातडी खडूसारखी दिसते. सावळ्या कातडीचे सौंदर्य तिच्यावर उमटणाऱ्या चकाकीत असते, त्यामुळे तिच्यासाठी उजेड जास्त नको, मोठा हवा. मोठा म्हणजे रुंद पृष्ठभागावरून येणारा, जसे की उघडे दार, चुन्याची भिंत किंवा ताणलेली चादर. तिच्या गालाच्या हाडावर आणि नाकाच्या कडेवर पडलेली ती मंद, रुंद चकाकी चेहऱ्याला आकार देते आणि बाकीचा चेहरा खुशाल गडद राहू शकतो.

साण्यातून उन्हाचा झोत येत असेल तर त्याचा उपयोग जरूर करा. झोत स्वतः दिसत नसतो, त्यात तरंगणारा धूर किंवा धूळ दिसते, आणि तीही कॅमेरा झोताच्या समोर, म्हणजे उजेडाच्या उलट दिशेला असला तरच ठळक दिसते. आईने चूल पेटवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी घरात धूर पसरलेला असतो, ती वेळ धरावी. झोतामागची भिंत अंधारात असावी, नाहीतर झोत तिच्यात बुडून जातो. ऊन साण्यातून उतरत नसेल तर माळवदावर आरसा ठेवून ते आत वळवता येते. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी १९५९ च्या ‘कागज के फूल’ चित्रपटातला प्रसिद्ध झोत स्टुडिओत मोठे आरसे लावून बाहेरच्या उन्हानेच घडवला होता. मात्र सूर्य दर चार मिनिटांना सुमारे एक अंश सरकतो, आणि दहा फूट उंचीवरून पडणारा झोत त्यामुळे दहा मिनिटांत अर्ध्या वितीहून जास्त हलतो. आरशापाशी एक माणूस बसवावा आणि प्रत्येक शॉटआधी झोत जमिनीवर केलेल्या खुणेवर परत आणावा. हे केले नाही तर संकलनाच्या वेळी आजीच्या खांद्यावरचे ऊन एका शॉटमध्ये खांद्यावर आणि पुढच्या शॉटमध्ये कोपरावर दिसेल.

आता शटर. सेकंदाला चोवीस चौकटी घेताना प्रत्येक चौकट साधारण १/५० सेकंद उघडी राहिली की चालणारे पाय, फडकणारा पदर, उडणारी धूळ यांना जी किंचित पुसट कड मिळते, तिच्यामुळे हालचाल डोळ्याला सलग वाटते. १/२००० वर प्रत्येक चौकट कोरीव होते आणि हालचाल तुटते. ते तुटकपण एखाद्या प्रसंगाला हवे असू शकते, तुमच्या गोष्टीला नको. उन्हात शटर न वाढवता उजेड कमी करण्याचे साधन म्हणजे एनडी फिल्टर, आणि किती घनतेचा घ्यायचा याचा हिशेब पाठ असावा. भर उन्हात एफ १६ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) शटर हे आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या, आकड्याइतके लागते. आयएसओ १०० वर १/१०० म्हणजे १/५० ला एफ २२. तुम्हाला एफ ५.६ हवा असेल तर चार स्टॉप कापावे लागतील. लॉगमध्ये अनेक कॅमेरे आयएसओ ८०० च्या खाली जाऊ देत नाहीत, मग तेच सात स्टॉप होतात. तीन आणि सहा स्टॉपचे दोन स्थिर फिल्टर तुमची गरज भागवतील. फिरवून कमी-जास्त होणारा फिल्टर सोयीचा वाटतो, पण रुंद लेन्सवर तो आकाशात फुलीसारखा काळा डाग आणतो आणि स्वस्त असल्यास चेहऱ्याचा रंगही बदलतो.

ट्यूबलाइटच्या पट्ट्यांचे कारण सोपे आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक चौकटीत त्याची पूर्ण आवर्तने बसतात आणि पट्टे येत नाहीत. तुम्ही बहुधा १/६० वर होता. चौकटी चोवीस असोत वा पंचवीस, शटर १/५० ठेवा. मोठ्या पडद्यासाठी चोवीस आणि टीव्हीसाठी पंचवीस असा साधा ठोकताळा आहे. एकदा निवडलेला आकडा शेवटपर्यंत बदलू नये एवढेच महत्त्वाचे. काही स्वस्त एलईडी बल्ब मात्र स्वतःच्याच लयीने लुकलुकतात, ते १/५० वरही त्रास देतात, म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या रात्री प्रत्येक बल्ब कॅमेऱ्यासमोर धरून पाहावा आणि त्रास देणारा बदलावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या रंगाचा उजेड कॅमेऱ्याने पांढरा मानायचा हेही, हाताने पक्का करा. चुलीचा उजेड दोन हजार केल्व्हिनच्या आसपास असतो. कॅमेरा ३२०० वर ठेवलात तर तो तांबूस, उबदार राहतो. स्वयंचलित ठेवलात तर कॅमेरा तो तांबूसपणा पुसण्याच्या मागे लागतो आणि रंग शॉट चालू असतानाच हलत राहतात.

लॉगबाबत माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या कॅमेऱ्यात करू नका. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १०२४. लॉग प्रकाशाची मोठी व्याप्ती दाबून त्या पायऱ्यांमध्ये बसवते आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग-उजेड घडवताना, तुम्ही ती पुन्हा ताणता. पायऱ्या २५६ च असतील तर ताणल्यावर पहाटेच्या आकाशात त्या वेगवेगळ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात, आणि तुमच्या गोष्टीचा शेवट नेमका पहाटेच्या आकाशाखाली आहे. साधी प्रोफाइल घ्या, तिचा कॉन्ट्रास्ट दोन अंकांनी उतरवा आणि चित्र जमेल तितके जागेवरच अंतिम स्वरूपाच्या जवळ न्या.

कर्ज काढू नका. ज्या घराची गोष्ट तुम्ही सांगत आहात, ते घर उचलीच्या पैशापायी पाच-सहा महिने मोडते, आणि तुमच्या घरानेही कॅमेऱ्यापायी तसेच ओझे उचलावे असे मला वाटत नाही. जे पैसे असतील ते दोन एनडी फिल्टरवर आणि चांगल्या फ्लुइड हेडच्या (कॅमेरा सावकाश, न अडखळता फिरवणाऱ्या माथ्याच्या) ट्रायपॉडच्या भाड्यावर खर्च करा. लग्नांचे व्हिडिओ करणारे अनेक जण तो दिवसाच्या भाड्याने देतात. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी आडवा फिरवताना, एक प्रमाण पाळावे. स्थिर वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद तरी लागावेत, त्याहून वेगात चोवीस चौकटींवर चित्र थरथरते. चालत्या माणसाबरोबर किंवा वळणाऱ्या ट्रकबरोबर पॅन केले तर हे बंधन बरेच सैल होते, कारण प्रेक्षकाची नजर त्या माणसावर असते.

सोळा मिमी फिल्म मला फार प्रिय आहे, तरीही तुम्हाला ती आता सुचवत नाही, कारण रसायनशाळेत पाठवून परत येईपर्यंत कोयता, म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, निघून गेलेले असेल आणि चूक दुरुस्त करता येणार नाही. तिची शिस्त मात्र घ्या. चारशे फुटांचा एक रोल चोवीस चौकटींच्या वेगाने जेमतेम अकरा मिनिटे चालतो. आपल्याकडे असे पाचच रोल आहेत, म्हणजे एकूण पंचावन्न मिनिटेच, असे ठरवून वहीत प्रत्येक शॉटची मिनिटे वजा करत जा. एक फरकही ध्यानात ठेवा. निगेटिव्ह अति उजेड बराच सोसते आणि अंधारात कमी पडते, डिजिटल कॅमेरा नेमका उलटा वागतो. म्हणून फिल्मचे एक्स्पोजर सावली पाहून ठरवतात आणि तुम्ही तुमचे उजेडाची टोके पाहून ठरवायचे.

पहाटेचा प्रसंग सर्वांत अवघड आहे, कारण तिथे वेळच मिळत नाही. त्या दिवसांत बीडकडे सूर्य साडेसहाच्या थोडे पुढे उगवतो. आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ वर चढत असल्यामुळे आकाश निळे आहे पण चेहरे दिसू लागले आहेत, अशी वेळ वीस मिनिटांच्या वर टिकत नाही, आणि त्यातही प्रकाश दर काही मिनिटांना दुप्पट होत जातो. एकाच पहाटेत बोचकी चढवणे, लेकरांचा निरोप आणि ट्रक निघणे हे सगळे बसवण्याचा प्रयत्न करू नका. दोन पहाटा घ्या. पहिल्या पहाटेला रुंद चौकटी आणि ट्रक, दुसऱ्या पहाटेला घराच्या ओट्यापाशी, फक्त चेहरे. व्हाइट बॅलन्स ४३०० च्या जवळ ठेवा, म्हणजे आकाश निळे राहील आणि ट्रकच्या जुन्या पिवळ्या हेडलाइटचा उजेड त्याच्यासमोर उबदार दिसेल. ट्रक कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा न करता तिरका उभा करा, म्हणजे त्या दिव्यांत बोचकी चढवणाऱ्यांच्या फक्त कडा उजळतील आणि त्यांनी उडवलेली धूळही दिसेल.

चित्रीकरणाआधी एकदा वेरूळला जाऊन या. तिथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी अंधारात असणारे दहावे लेणे दुपार कलल्यावर आपल्या मोठ्या गवाक्षातून ऊन आत घेते. चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी आणि ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, पण वही न्यायला कोणाचीच हरकत नसते. बाराला जा, चारपर्यंत तिथेच थांबा आणि बुद्धमूर्तीच्या चेहऱ्यावर उजेड कसा बदलतो, हे दर अर्ध्या तासाने लिहून ठेवा.

त्यानंतर तुमच्या घरी उंबऱ्यावर आजीला एकदा दुपारी बाराला आणि एकदा चारला बसवा. कॅमेरा एकाच जागी आणि झेब्रा धोतराच्या घडीवर पंचाण्णववर ठेवून दोन चौकटी घ्या, तिसरी चौकट दार बाहेर ठेवून घोंगडी टांगून घ्या. तिन्ही चौकटी मला पाठवा, सोबत प्रत्येकीचा ॲपर्चर आणि आयएसओ लिहा. रात्रीच्या प्रसंगात चुलीच्या उजेडाला दुसरा दिवा जोडायचा की नाही, हे मी तिसरी चौकट पाहून सांगेन.